समलिंगी माणसांचा इतिहास : साधने कोणती आणि ती वाचायची कशी?

इतिहासाची साधने तीन प्रकारची असतात, भौतिक, लिखित आणि मौखिक, हे आपण शाळेत अगदी लवकर शिकवतो. नाणी, शिलालेख, बखरी, ओव्या, लोककथा अशी उदाहरणेही देतो. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. हीच तीन साधने हातात घेऊन एखाद्या वेगळ्या विषयाचा इतिहास शोधायला निघालो तर काय होते, हे मात्र आपण क्वचितच करून पाहतो. या लेखात आम्ही तसा एक विषय घेतला आहे. पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा स्त्रीला स्त्रीबद्दल प्रेम आणि आकर्षण वाटते, अशी माणसे आपल्या समाजात पूर्वी कशी जगली? हे जाणून घ्यायला मराठी वाचकाजवळ कोणती साधने आहेत?

हा प्रश्न विचारला की बहुधा दोन उत्तरे मिळतात. पहिले, 'आपल्याकडे असे काही नव्हते, हे पाश्चात्त्यांकडून आले.' दुसरे, 'हा शाळेचा विषय नाही.' दुसऱ्या उत्तराकडे शेवटी वळू. पहिले उत्तर हे एक विधान आहे. ते खरे किंवा खोटे असू शकते, म्हणजेच ते तपासता येते. आम्ही विज्ञानाच्या क्षेत्रातली माणसे. विधान तपासता येण्यासारखे असेल तर ते तपासावे, एवढीच आमची भूमिका आहे.

आधी शब्दांची अडचण

जुन्या कागदपत्रांत 'समलिंगी' हा शब्द शोधत बसलो तर हाती फारसे काही लागणार नाही. युरोपातही 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापील स्वरूपात आला तो १८६९ मध्ये. कार्ल-मारिया कर्टबेनी या लेखकाने तो जर्मन भाषेत वापरला. त्याआधी तिथे 'पाप' आणि 'गुन्हा' यांची नावे होती, माणसांच्या प्रकाराचे नाव नव्हते. आपल्याकडे वात्स्यायनाच्या कामसूत्रात 'तृतीया प्रकृती' असा शब्दप्रयोग आहे. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवल्यास सचैल स्नानाचे, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांसह स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे, तर कुमारिकांमधल्या संबंधासाठी दंड सांगितला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अशा संबंधांसाठी दंड आहेत.

यावरून दोन गोष्टी कळतात. जी गोष्ट घडतच नाही तिच्यासाठी कोणी प्रायश्चित्त आणि दंड लिहून ठेवत नाही. म्हणून 'आपल्याकडे नव्हते' हे विधान पहिल्याच पायरीवर डळमळते. पण त्याचबरोबर, 'पूर्वी सारे मोकळे होते, बंधने इंग्रजांनी आणली' हे उलटे विधानही जसेच्या तसे टिकत नाही. प्रायश्चित्त सौम्य असले तरी ते प्रायश्चित्तच. इतिहासात आपल्या सोयीचे तेवढेच उचलायचे नसते.

तेव्हा शोधताना आजच्या शब्दाऐवजी त्या त्या काळचे शब्द शोधावे लागतात. मराठीत 'समसंभोग', 'अनैसर्गिक', 'विकृती' असे शब्द येतात, शिव्या येतात, आणि पुष्कळदा शब्दच नसतो, फक्त एखादे अर्धवट सोडलेले वाक्य असते.

इन्सुलीहून पाहिले तर

मुंबई-गोवा महामार्गावर सावंतवाडीकडून बांद्याकडे जाताना इन्सुली लागते. इथला तपासणी नाका वाहनचालकांना चांगला ठाऊक आहे. पुढे बांदा आणि मग गोव्याची हद्द. सिंधुदुर्गातल्या शिक्षकांना ही हद्द इतकी सवयीची आहे की तिच्यात इतिहासाचे एक उत्तम साधन दडलेले आहे हे चटकन लक्षात येत नाही.

इन्सुलीचा मुलूख सावंतवाडी संस्थानातला. हे संस्थान ब्रिटिशांचे मांडलिक होते आणि १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. हद्दीपलीकडे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. म्हणजे काही मैलांच्या अंतरात दोन राज्यव्यवस्था, दोन कायदे आणि दोन दप्तरे.

पोर्तुगीजांनी गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आणले. मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. पुरुषा-पुरुषांतले संबंध हे या न्यायालयाच्या दृष्टीने घोर पाप, आणि त्याची चौकशी त्याच्या अधिकारात होती. न्यायालय बंद झाल्यावर त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. पण जोआंव देल्गादो फिगैरा नावाच्या अधिकाऱ्याने १६२३ पर्यंतच्या ३,८०० हून अधिक खटल्यांची सूची केली होती. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिल्लक आहे. मूळ कागद गेले आणि अनुक्रमणिका राहिली, असे इतिहासात अनेकदा घडते. या न्यायालयाच्या इतिहासावर आपल्या अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. मराठी शिक्षकाला या विषयात शिरायला तो उपयोगी पडेल.

ब्रिटिश मुलखातली गोष्ट वेगळी. तिथे १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता तयार झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. त्या वेळी खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र, १८५२ च्या दंडसंहितेनुसार, प्रौढांमधला खाजगी समलिंगी संबंध हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. पुढे १९१२ च्या कायद्याने तो तिथे पुन्हा शिक्षेच्या कक्षेत आला. गोवा मुक्त झाल्यावर तिथेही भारतीय दंडसंहिता लागू झाली.

मुलांना एवढाच तक्ता फळ्यावर काढून दाखवला तरी पुष्कळ काही कळेल. एकच वर्तन एका ठिकाणी पाप, दुसऱ्या ठिकाणी गुन्हा, तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. नाक्याच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे तीच होती. बदलत होता तो कायदा.

न्यायालयाचे दप्तर

कायदा आला की खटले आले आणि खटले आले की कागद आले. म्हणून समलिंगी माणसांच्या इतिहासाचे जगभरातले पहिले मोठे साधन म्हणजे न्यायनिवाडे. जिल्हा न्यायालयाच्या वकील मंडळाच्या ग्रंथालयात जुन्या निवाड्यांचे बांधीव खंड असतात. ते पाहायला वकील मित्राची मदत घ्यावी.

उदाहरण म्हणून १८८४ चा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निवाडा पाहू. खैराती नावाच्या व्यक्तीला स्त्रीवेषात बायकांमध्ये गाणे म्हणत असताना पकडण्यात आले. पोलिसांची या व्यक्तीवर आधीपासून नजर होती. वैद्यकीय तपासणी झाली आणि तिच्या आधारावर सत्र न्यायालयाने ३७७ व्या कलमाखाली दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने खैरातीला सोडले, कारण कृत्य कोणाशी, कुठे आणि केव्हा झाले यातले काहीच सिद्ध झालेले नव्हते.

या निवाड्यातून काय कळते? पोलीस कोणावर नजर ठेवत, डॉक्टरांच्या तपासणीला किती वजन दिले जाई, पेहराव हाच पुरावा कसा मानला जाई, हे सारे कळते. काय कळत नाही? खैराती स्वतःला कोण म्हणवत असे, कोणावर प्रेम करत असे, सुटल्यावर कुठे गेले, हे काहीच कळत नाही. स्त्रीवेषावरून ती व्यक्ती आजच्या अर्थाने समलिंगी होती, तृतीयपंथी होती की आणखी काही, हेही सांगता येत नाही. साधन कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल गप्प बसते, या दोन्हींची नोंद करणे हे इतिहासाच्या अभ्यासाचे पहिले कौशल्य आहे.

'समाजस्वास्थ्य'चे वाचक

न्यायालयाच्या बाहेरचे एक अनमोल साधन आपल्या मराठीतच आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ मध्ये कोकणात मुरूडला झाला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. या मासिकात वाचकांच्या शंकांना ते छापील उत्तरे देत. ज्या गोष्टी घरात, शाळेत, डॉक्टरांजवळही बोलता येत नव्हत्या, त्या लोक कर्व्यांना पत्राने विचारत. त्यांत समलिंगी आकर्षणाबद्दलच्या शंकाही असत.

याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या शंकांना दिलेली उत्तरे हा त्यातला वादाचा भाग होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्राच्या आधारे उत्तर देणे हाच गुन्हा ठरला. अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी २०१७ मध्ये रंगमंचावर आणले, ते कर्व्यांच्या याच लढ्याविषयी आहे.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर कर्व्यांच्या उत्तरांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, मोल त्या प्रश्नांना आहे. कारण प्रश्न सामान्य माणसांचे आहेत. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या इतिहासकारांनी २०१७ मध्ये याच पत्रव्यवहारावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तो मध्यमवर्गीय पुरुषांच्या लैंगिक ज्ञानाचे आणि धास्तीचे साधन म्हणून वाचला आहे. त्या 'मध्यमवर्गीय पुरुषांच्या' या शब्दांकडे लक्ष द्यावे. ज्यांना लिहिता येत होते, जे मासिक विकत घेऊ शकत होते, ज्यांना टपाल आपल्या हाताने टाकता येत होते, त्यांचीच पत्रे आली. शेतमजूर, गिरणीतली बाई, घरातली सून यांची पत्रे त्यांत शोधून क्वचितच सापडतील. शिवाय कोणते पत्र छापायचे आणि किती छापायचे हे संपादक ठरवत होता.

वैद्यकाची पुस्तके सावधपणे वाचावीत

तिसरे साधन वैद्यकीय ग्रंथांचे. विज्ञानाच्या शिक्षकांना हे सर्वांत विश्वासार्ह वाटण्याचा संभव आहे, म्हणून इथे विशेष सावध राहिले पाहिजे. विसाव्या शतकातल्या अनेक पाठ्यपुस्तकांत समलिंगी आकर्षणाची नोंद रोग किंवा विकृती म्हणून आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ते आजारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तसेच केले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नव्हे अशी स्पष्ट भूमिका घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा व्यक्तींना 'बरे' करण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला.

म्हणजे १९५० सालचे वैद्यकीय पुस्तक हे १९५० साली डॉक्टर काय मानत याचा उत्तम पुरावा आहे. माणसाच्या प्रकृतीविषयीचा पुरावा म्हणून ते आज चालणार नाही. जुन्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाकडे आपण जसे पाहतो, तसेच त्याच्याकडे पाहावे.

वेष, सोंग आणि रंगभूमी

सिंधुदुर्गात या विषयावर बोलू लागले की कोणीतरी दशावताराचे नाव काढतेच. दशावतारात पुरुष नट स्त्रीभूमिका करतात. नाट्यमंडळींच्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी तेच केले. पण यावरून त्या नटांच्या खाजगी आवडीनिवडीविषयी काहीही सिद्ध होत नाही. स्त्रियांना रंगमंचावर येऊ न देणाऱ्या समाजात कोणीतरी ती भूमिका करणारच. दशावतारी नट पहाटे रंग पुसून शेतावर किंवा कामावर जातो, तेव्हा तो इतर कोणत्याही माणसासारखाच असतो. वेषावरून मनाचे निष्कर्ष काढले तर खैरातीच्या खटल्यातल्या सत्र न्यायालयाने केलेली चूक आपणही केल्यासारखे होईल. ज्यावरून काही सिद्ध होत नाही ते बाजूला ठेवता येणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

नाटकाच्या संहिता आणि कथा मात्र साधन म्हणून उपयोगी पडतात. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्वातंत्र्याच्या सुमाराच्या महाविद्यालयीन वातावरणात एका मुलीचे दुसऱ्या मुलीवर प्रेम बसते, अशी ही कथा आहे. ती सांगतो मित्राचा मित्र बापू, आणि तिचा शेवट मित्राच्या आत्मनाशात होतो. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, आलेल्या जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' चित्रपटात महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते उघडकीस येते आणि संस्था हादरते. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण, दोघेही आपापल्या तोंडाने बोलतात. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग' या नाटकात मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आई बोलते.

या चार कृती ओळीने ठेवून एक प्रश्न विचारावा : गोष्ट कोणाच्या तोंडून येते? १९८१ मध्ये ती मित्राच्या तोंडून येते, पुढच्या वर्षी संस्थेच्या अधीक्षिकेच्या नजरेतून दिसते. २००६ मध्ये ती व्यक्ती स्वतः बोलू लागते. मराठी समाजाच्या पंचवीस वर्षांच्या बदलाचा हा एक छोटासा आलेखच आहे.

स्त्रिया कुठे गेल्या?

आतापर्यंतच्या साधनांत पुरुषच अधिक दिसतात, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ३७७ वे कलम स्त्रियांना क्वचितच लावले गेले, म्हणून न्यायालयाच्या दप्तरात त्या नाहीत. पत्रे लिहिण्याचे स्वातंत्र्य त्यांना कमी होते, म्हणून मासिकांत त्या कमी. मग त्या कुठे सापडतात? मुलगी हरवल्याच्या, पळवून नेल्याच्या पोलीस तक्रारींत. घरच्यांपासून संरक्षण मागणाऱ्या अर्जांत. वर उल्लेखिलेला मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय अशाच दोन तरुणींच्या अर्जावरचा आहे. मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन स्त्रियांनी १९८७ च्या अखेरीस एकमेकींशी विवाह केला आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. ही गोष्ट देशाला कळली ती वृत्तपत्रांतून. आणि अनेकदा दोन मैत्रिणींचे नाते वर्तमानपत्रात पहिल्यांदा येते ते त्यांच्या मृत्यूच्या बातमीत.

म्हणूनच ज्या पुस्तकांत स्त्रियांनी स्वतः लिहिले किंवा सांगितले ती मोलाची आहेत. अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेला 'फेसिंग द मिरर' (१९९९) हा संग्रह आणि कष्टकरी वर्गातल्या स्त्रियांच्या कहाण्या सांगणारे माया शर्मा यांचे 'लव्हिंग विमेन' (२००६) ही दोन इंग्रजी पुस्तके. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला, तोच पुढे 'लेबिया' या नावाने ओळखला जाऊ लागला.

जाळे आणि मासे

इथे थोडे थांबून मुख्य मुद्दा मांडतो. एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने एक दृष्टान्त दिला आहे. तो मालवण किनाऱ्यावरच्या मुलांना आपल्याहून चांगला समजेल. मासे पकडण्याच्या जाळ्याचे आस, म्हणजे दोऱ्यांमधली भोके, दोन इंच असतील तर त्याहून बारीक मासळी जाळ्यात राहणारच नाही. तेवढ्यावरून 'समुद्रात दोन इंचांपेक्षा लहान मासा नाही' असे कोणी म्हणू लागला तर कोळ्याचे पोरही हसेल. पण इतिहासात आपण नेमके तेच करत आलो आहोत. न्यायालयाच्या जाळ्यात गुन्हेगार सापडले. डॉक्टरांच्या जाळ्यात रोगी सापडले. वर्तमानपत्राच्या जाळ्यात मृत्यू सापडले. त्यावरून लोकांनी ठरवले की समलिंगी माणूस म्हणजे गुन्हा, रोग किंवा शोकांतिका. जे दोघे चाळीत 'भाऊ-भाऊ' म्हणून शांतपणे आयुष्य काढत असतील, ज्या दोघी 'मैत्रिणी' म्हणून म्हाताऱ्या झाल्या असतील, त्यांचा कागद झालाच नाही. सुखाने जगणाऱ्याची फिर्याद कोण नोंदवणार?

संख्याशास्त्रात याला नमुनानिवडीचा दोष म्हणतात. या विषयात तो दोष केवळ तात्त्विक नाही. पंधरा-सोळा वर्षांचे एखादे मूल, ज्याला स्वतःबद्दल काहीतरी वेगळे जाणवू लागले आहे, ते गुपचूप वाचनालयात जाऊन शोधू लागते. त्याच्या हाती खटले, आजार आणि आत्महत्या एवढेच लागले तर ते आपल्या भविष्याबद्दल काय अनुमान काढील? इथे चुकीच्या अनुमानाची किंमत फार मोठी असू शकते.

स्वतःचा आवाज

सुदैवाने गेल्या साडेतीन दशकांत बारीक आसाची जाळी विणली गेली. अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. त्यांचे 'पार्टनर' आणि 'इंद्रधनु' ही पुस्तके मराठीतच आहेत, त्यामुळे शिक्षकाने सुरुवात तिथून करावी. प्राचीन काळापासूनचे भारतीय साहित्य एकत्र पाहायचे असेल तर रूथ वनिता आणि सलीम किदवई यांचा 'सेम-सेक्स लव्ह इन इंडिया' (२०००) हा इंग्रजी संग्रह आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात 'कामरा' हा संग्रह आता चित्रफिती, पत्रके आणि मुलाखती जपतो आहे.

आपल्या हद्दीजवळचेही एक उदाहरण आहे. इन्सुलीहून महामार्गाने म्हापशाकडे जाताना बार्देशातले कोलवाळ लागते. वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स तिथे राहत. २००२ मध्ये फ्रेंच कायद्यानुसार त्यांनी आपल्या जोडीदाराशी सहजीवनाची नोंदणी केली. २०१२ मध्ये 'द ग्रीन रूम' हे आत्मचरित्र लिहिले, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. गोव्याच्या वेषभूषेचा इतिहास त्यांनी परिश्रमाने जमवला. इथे गुन्हा नाही, रोग नाही. काम, घर, गाव आणि जोडीदार असलेले एक आयुष्य आहे.

जाळलेले आणि जपलेले

साधने आपोआप टिकत नाहीत. माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टराने १९१९ मध्ये बर्लिनला लैंगिकशास्त्राची संस्था काढली. १९३१ मध्ये तो भारतातही येऊन गेला. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ती संस्था लुटली आणि तिचे ग्रंथालय भर चौकात जाळले. पुढच्याच वर्षी इकडे मुंबईत कर्व्यांना दंड झाला. उलट १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही स्त्रियांनी एका सदनिकेत आपापली पत्रे, रोजनिशा, छायाचित्रे जमवायला सुरुवात केली. तो 'लेस्बियन हरस्टोरी अर्काइव्हज' हा संग्रह आज जगभरातल्या अभ्यासकांना उपयोगी पडतो. आपल्याकडे चौकात पुस्तके जाळली गेली नसतील, पण माणूस गेल्यावर त्याची ट्रंक उघडून 'नको ते' कागद चुलीत घालण्याची रीत घरोघर आहे. तो धूर कोणाच्या नजरेस येत नाही, एवढाच फरक.

वर्गात काय करता येईल?

आता दुसरे उत्तर : हा शाळेचा विषय आहे का? संगणकाचा धडा शिकवताना अ‍ॅलन ट्युरिंगचे नाव येते. समलिंगी संबंधांवरून १९५२ मध्ये त्याला शिक्षा झाली, १९५४ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि २०१३ मध्ये ब्रिटनच्या राणीने त्याला मरणोत्तर माफी दिली. हे गाळून त्याचे चरित्र सांगितले तर ते अपुरे राहते. विषय आधीच वर्गात आलेला आहे, प्रश्न तो नीट हाताळण्याचा आहे. त्यासाठी काही सूचना.

एक, वरच्या वर्गांत कायद्याची कालरेषा करावी : १८६२, २००९ (दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ वे कलम सौम्य केले), २०१३ (सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला), ६ सप्टेंबर २०१८ (प्रौढांमधला संमतीचा संबंध गुन्हा नाही असा पाच न्यायाधीशांचा निर्णय), १७ ऑक्टोबर २०२३ (समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार), १ जुलै २०२४ (नव्या न्याय संहितेत हे कलम नाही). कायदा सरळ रेषेत पुढे जात नाही, हे मुलांना आपोआप दिसेल.

दोन, कोणताही एक जुना उतारा घेऊन चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? कशासाठी लिहिले? यात कोणाचा आवाज नाही? त्या व्यक्तीने स्वतः लिहिले असते तर काय वेगळे असते?

तीन, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय किंवा शाळेचेच कपाट, जिथे जुनी मासिके आहेत तिथे मुलांना त्या काळचे शब्द टिपायला लावावेत.

आणि एक सूचना न करण्याची. गावातल्या कोणा हयात किंवा दिवंगत व्यक्तीविषयी तर्क करण्याचा प्रकल्प कधीही देऊ नये. दुसऱ्याचे गुपित उघड करणे म्हणजे संशोधन नव्हे. मौखिक इतिहास घ्यायचा तो सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याला हवे ते नाव लावून किंवा नाव न लावता. एखादे मूल स्वतःविषयी काही सांगायला आले तर ते पूर्ण ऐकावे, आणि त्याला विचारल्याशिवाय घरी किंवा शिक्षकांच्या खोलीत त्याची वाच्यता करू नये.

२०१८ च्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, अशा आशयाचे मत नोंदवले. इतिहास स्वतः माफी मागू शकत नाही. तो शिकवणारे आणि लिहिणारे मात्र एक करू शकतात. कपाटात जुने अंक असतील तर ते रद्दीत घालण्याआधी चाळून पाहावेत, कोणी पत्रांचा जुडगा विश्वासाने हाती दिला तर तो नीट बांधून ठेवावा, आणि 'आपल्याकडे असे नव्हते' असे कोणी म्हणाले तर त्याला शांतपणे विचारावे, 'कोणत्या जाळ्याने पाहिलेत?'